दुपारपर्यंत चालणारी डबी

उमरगा
५ फेब्रुवारी २०२५

मामा, शरणार्थी.

पत्र काल मिळालं. पोस्टमन दुकानावरच देऊन गेला, पण समोर दोन ड्रायव्हर चार्जर उलटेपालटे करत उभे होते, वाचायला दुपार झाली.

तुमच्या कानातल्या मशीनची चार्जिंगची डबी बंद पडली. सोलापूरचा दुकानदार म्हणतो, हे मॉडेल कंपनीनं बंद केलंय, शोधून डबी मिळालीच तर साडेसात हजार, न्हायतर मशीनच नवीन घ्या. हे वाचून माझं डोकंच फिरलं. डबी बंद पडली म्हणून मशीन बदलायचं? उद्या चपलेचा अंगठा तुटला तर पाय बदला म्हणतील.

मामा, मी उमरग्याच्या स्टँडापुढं बारा वर्षं चार्जर, हेडफोन, वायरी विकायलेय. हैदराबादकडनं येणारे ट्रक बाजूला लागतात अन् ड्रायव्हर सरळ माझ्याकडं येतात. कंपनीचा माल अन् लोकल माल दोन्ही माझ्याकडं शेजारी शेजारी लटकलेत. सगळंच लोकल चांगलं असतंय असं मी म्हणत न्हाय. पण बऱ्याच वेळा माणूस पैसे देतो ते खोक्यावरच्या नावाचे.

तुमी इचारलंय, जुनी डबी तपासायला पाठवू का. कशाला? जाण्यायेण्यात आठ दिवस जातील. तुमच्या मॉडेलला बसणारी लोकल डबी माझ्या हैदराबादच्या व्यापाऱ्याकडं हाय. नऊशेला. दोन दिवसांत येती. व्हय म्हणा, लगेच पाठवते.

फोनवर तुमाला ऐकू येत न्हाय अन् मोबाईलवर बोटानं लिहायला मला जमत न्हाय, तवा पत्रानंच कळवा. पण लवकर. माझा नमस्कार ‘शरणार्थी’ एका शब्दात होतोय, तुमचं अर्धं पान आशीर्वादातच जातंय.

तुमची शिवकन्या


वाशी
जि. धाराशिव
११ फेब्रुवारी २०२५

चि. शिवकन्या,

यावेळी आशीर्वाद एका ओळीत उरकतो. अनेक उत्तम आशीर्वाद. झालं?

तुझं पत्र वाचताना तू समोर उभी राहून भांडते आहेस असं वाटलं. बहिरेपणाचा एकच फायदा असतो. लोक ओरडायचं सोडून लिहायला लागतात. तू लिहूनही ओरडतेस. अक्षर मात्र सुधारलं आहे. तुला चौथीतून शाळेतून काढलं तेव्हा ‘महिन्याला मामाला एक पत्र लिहायचं’ अशी अट मी तुझ्या आईला घातली होती. अक्षरं विसरू नयेत एवढाच हेतू होता. छत्तीस वर्षं तू ती अट पाळते आहेस. माझे वर्गात बसलेले विद्यार्थी एवढे टिकले नाहीत.

आता डबी. मला कंपनीचीच हवी, आणि कारण हट्टाचं नाही.

आपल्या करिश्माला स्थळ आलं आहे. लातूरचं मोठं घराणं, तीन पिढ्यांचा कापडाचा व्यापार, नाव घेतलं की लोक ओळखतात. ९ मार्चला रविवारी बैठक आहे. आपल्याकडची रीत तुला ठाऊक आहे. घरातला थोरला बोलतो, बाकीचे ऐकतात. शरणबसप्पा माझा मुलगा, करिश्माचा बाप, पन्नाशीला आला, पण पाहुण्यांसमोर माझ्या शब्दावर शब्द टाकणार नाही. करिश्माचा नर्सिंगचा कोर्स पूर्ण झाला. उमरग्यातल्या दवाखान्यानं तिला एप्रिलपासून बोलावलं आहे, ती तुझ्याकडेच राहील म्हणते. लग्नानंतरही ती नोकरी करणार, हे बैठकीत स्पष्ट बोलून घ्यायचं आहे. तिला तसा मी शब्द दिला आहे. तिला नर्स व्हायला पाठवणाराही मीच. म्हणून त्या दिवशी कान शाबूत हवेत.

आणखी एक गोष्ट तुलाच लिहितो. मशीनशिवाय मला काहीच ऐकू येत नाही, हे लातूरकरांना सांगितलेलं नाही. शरणू म्हणाला, कशाला सांगायचं. खरं सांगायचं तर मलाही ते सोयीचं वाटलं.

तुझा,
विरुपाक्षमामा


उमरगा
१७ फेब्रुवारी २०२५

मामा, शरणार्थी.

डबी पाठवलीय. पुन्हा इचारत बसले न्हाय. तुमी मग पुन्हा कारणं लिहाल, म्या पुन्हा उत्तर लिहावं, अन् तोवर बैठक होऊन पोरीला पोरं होतील.

ह्यासंगट वायर हाय. रोज निजताना दोन्ही मशीनं डबीत ठेवायची. हिरवा दिवा लागला की भरलं म्हणून समजायचं.

तुमी मला लोकल मालाची भीती घालू नका. माझ्या दुकानाची एक रीत हाय. नवीन आलेला एकेक चार्जर मी आधी माझ्या मोबाईलला तासभर लावते, मग काढून गालाला लावते. गालाला चटका बसला तर माल माघारी. व्यापारी हसतोय, म्हणतो, ताई, तुमचा गाल म्हंजे लॅबोरेटरी. हसू दे. बारा वर्षांत माझ्या चार्जरनं कुणाचा मोबाईल फुगला न्हाय का जळला न्हाय. ही डबी मोबाईलला लागत न्हाय, तवा तेवढं राहिलं. पण वायर लावली की दिवा लागतोय, म्या बघितलंय. दिवा लागला म्हंजे झालं की.

अन् घराणं घराणं काय लावलंय? तीन पिढ्यांचं दुकान लिहिलंत. पोरगा कसा हाय, काय बोलतोय, एक अक्षर लिहिलं न्हाय. तुमाला शिक्का बघून घ्यायची सवयच हाय, डबी असो का जावई.

पैसे पाठवू नका. पाठवले तर माघारी पाठवीन, पुन्हा तिकिटाला खर्च.

शिवकन्या


वाशी
२५ फेब्रुवारी २०२५

चि. शिवकन्या, आशीर्वाद.

डबी मिळाली. उत्तम चालते आहे. तू म्हणालीस तेच खरं, मी उगाच नावाला भुललो होतो. घरात सगळ्यांना सांगितलं, आमच्या शिवकन्येनं नऊशेत साडेसात हजारांचं काम केलं.

सकाळी उठल्याबरोबर मशीन घालतो. दूधवाल्याच्या किटलीचं झाकण वाजलेलं ऐकू येतं. शेजारी चिमण्यांचं भांडण चालतं तेही ऐकू येतं. करिश्मा चहा गाळताना काहीतरी गुणगुणते, ते मला माहीतच नव्हतं. आंघोळ, पूजा, पेपर, सगळं छान होतं. दुपारी मी तसाही पडतो, तेव्हा मशीन काढून ठेवतो.

मुलाचं नाव उत्कर्ष. दिसायला चांगला आहे. जास्त बोलत नाही.

बैठकीची तयारी सुरू आहे.

तुझा मामा


वाशी
१३ मार्च २०२५

चि. शिवकन्या,

आशीर्वाद. रविवारची बैठक पार पडली. पाहुणे अकराला येणार होते, आले पाऊण वाजता. मग सरबत, ओळखीपाळखी, बोलणी सुरू व्हायला दीड वाजला. मुलाचे काका बोलत होते, बोलका माणूस आहे. लग्नाची तारीख, माणसं किती, कार्यालय कुठलं, असंच चाललं होतं. मी मान डोलावत होतो. नोकरीचा विषय त्यांनी काढला नाही, म्हणून मीही मुद्दाम काढला नाही. हरकत नसणार. साखर वाटली. येत्या पाडव्याला, ३० मार्चला, साखरपुडा आमच्याच घरी आहे.

सगळं चांगलं झालं, पण घराला काय झालंय कळत नाही. करिश्मा माझ्याशी बोलत नाही. ताट पुढ्यात ठेवते आणि मागे न बघता जाते. परवा विचारलं, ‘बाळ, रुसलीस का?’ तर ओठ हलवून काहीतरी म्हणाली आणि डोळे पुसत आत गेली. शरणू म्हणतो, होईल सवय. कसली सवय?

तुझं ती ऐकते. जरा विचार.

तुझा मामा


(त्याच पाकिटात, वहीच्या अर्ध्या पानावर)

आत्या,

आजोबांची पत्रं मीच पोस्टात टाकते, म्हणून ही चिठ्ठी आत सरकवतेय. त्यांना सांगू नकोस.

मी एप्रिलला उमरग्याला येणार नाही. दवाखान्यात तू कळव. बैठकीत मुलाचे काका म्हणाले, आमच्या घरच्या सुना नोकरी करत नाहीत, लग्नाआधीही नको, उगाच लोक नावं ठेवतात. मी दाराआड होते. मला वाटलं आता आजोबा बोलतील. आजोबा हसले आणि म्हणाले, ‘व्हय, व्हय, तुम्ही म्हणाल तसं.’ दोनदा म्हणाले, आत्या. आप्पांनी त्यांच्याकडं बघितलं, पण आजोबा मान हलवत होते. मग आप्पा गप्पच बसले.

मला वाटलं असतं की त्यांना ऐकू आलं नसेल. पण नवी डबी छान चालते म्हणून तेच सगळ्यांना सांगत असतात. म्हणजे ऐकूनच म्हणाले ना?

बाकी कुणी म्हणालं असतं तर मी भांडले असते.

करिश्मा


उमरगा
१८ मार्च २०२५

मामा,

आज नमस्कार न्हाय.

करिश्माची चिठ्ठी आली. तिनं सांगू नको म्हणून लिहिलं, पण मी सांगणार. म्या तिला लगेच फोन लावला अन् एकच इचारलं, आजोबा दुपारनंतर तुझं बोलणं ऐकतात का? ती म्हणाली, आत्या, दुपारनंतर ते कुणाशी बोलतच न्हाईत, पुस्तक घेऊन बसतात. मग म्या तुमचं पंचवीस तारखेचं पत्र काढून पुन्हा वाचलं. दूधवाला सकाळचा. चिमण्या सकाळच्या. चहा सकाळचा. पूजा, पेपर सकाळचा. अख्ख्या पत्रात दुपारनंतरचा एक आवाज न्हाय.

डबी दुपारपर्यंतच चालती न्हवं? दिवा हिरवा होतो, पण मशीन भरत न्हाय. खरं हाय का खोटं?

खरं असंल तर ऐका. मुलाचा काका म्हणाला, आमच्या सुना नोकरी करत न्हाईत, लग्नाआधीपण नको. तुमी हसून म्हणालात, व्हय व्हय, तुमी म्हणाल तसं. दोनदा. पोरगी दाराआड उभी होती. उमरग्याला येणार न्हाय म्हणून तिनं मला कळवलंय. दवाखान्यात म्या अजून सांगितलेलं न्हाय. तुमचा शरणू तुमच्या तोंडाकडं बघून गप्प बसला. त्याला वाटलं, वडलांचीच तशी मर्जी हाय.

तुमाला ऐकू येत नव्हतं तर गप्प का न्हाय बसलात? मान कशाला हलवलीत?

मी तुमच्यावर ओरडायलेय, पण चूक माझीपण हाय हे मला कळतंय. म्या ती डबी लावून बघितली न्हाय. ज्या मालाला गाल लावता येत न्हाय तो माल म्या दिवा बघून पाठवला. गिऱ्हाईकाला असं दिलं असतं तर म्या सवताला दुकानात उभं केलं नसतं. अन् सवताच्या मामाला दिलं.

पण तुमी खोटं का लिहिलंत? ‘उत्तम चालते आहे.’ लिहायचं होतं की, शिवकन्ये, तुझा माल कचरा हाय. म्या रडले असते का?

शिवकन्या


वाशी
२३ मार्च २०२५

चि. शिवकन्या,

तुझं पत्र देवघरात बसून वाचलं, कुणी बघू नये म्हणून.

सगळं खरं आहे. डबीचा दिवा हिरवा होतो. सकाळी मशीन चांगलं चालतं. बाराच्या सुमाराला कानात टुकटुक होतं आणि मग जग बंद. पहिल्या दिवशीच लक्षात आलं होतं. तुला लिहिलं नाही, कारण तू ती इतक्या ओढीनं पाठवली होतीस. आणि तू ‘पैसे माघारी पाठवीन’ म्हणालीस तेव्हा तुझा राग मला आवडला होता. म्हाताऱ्या माणसावर हक्कानं रागावणारी माणसं कमी होतात. वाटलं, अर्धा दिवस ऐकू येतं, पुष्कळ झालं. बैठक अकराला होती. हिशेबात बसत होतं.

मान का हलवली, विचारतेस. त्या माणसाचे ओठ हलत होते, सगळे माझ्याकडे बघत होते. ‘मला ऐकू येत नाही, थांबा’ एवढं वाक्य तोंडात आलं होतं. पण शरणूनं इतकी माणसं बोलावली होती. एकदा मान हलवली, तर सगळ्यांचे चेहरे खुलले. दुसऱ्यांदा सोपं गेलं.

आता काय करू? चाळीस वर्षं मुलांना शिकवलं, दिलेला शब्द पाळावा. भरल्या बैठकीत व्हय म्हणालो. आता नाही म्हणालो तर म्हातारा फिरला म्हणतील. ऐकलंच नव्हतं म्हणालो, तर बहिऱ्याला बसवून बोलणी केली म्हणतील, शरणूची मान खाली जाईल. चौदा दिवस झाले साखर वाटून, तोंड कडू आहे. करिश्मासमोर जायचा धीर होत नाही. तिला अजून काही सांगितलेलं नाही. तूही सांगू नकोस.

तुझ्या यजमानांच्या ओळखीच्या कंडक्टरकडे जुनी डबी आणि दोन्ही मशीनंही पाठवतो आहे. डबी बघ, नाहीतर टाकून दे. मशीनं तुझ्याकडेच ठेव. आता ऐकून काय करायचं आहे?

मामा


उमरगा
२६ मार्च २०२५

मामा, शरणार्थी.

पार्सल मिळालं. हे पत्र अन् पार्सल आमचे मालक धाराशिवला वाशीच्या गाडीत देतील, पोस्टाची वाट बघायला वेळ न्हाय. पाडवा चार दिवसांवर हाय.

आधी डबीचं सांगते. तुमची जुनी डबी खराबच नव्हती. वायर पिनीपाशी आतून तुटलेली होती, वरून दिसत नव्हती. म्या माझ्याकडची लोकल वायर लावली, एकशेवीसची, अन् डबी चालू झाली. पहिल्या पत्रात तुमी इचारलं होतं, तपासायला पाठवू का. म्या घाई केली. तुमची कंपनीची डबी चांगलीच होती अन् माझी लोकल वायर तिला चांगली लागली. कुणाचंच नाव मोठं न्हाय मामा, उघडून बघायचं काम मोठं हाय, ते म्या केलं न्हाय.

यावेळी तपासलंय. रातभर मशीन डबीत ठेवलं अन् सकाळी सातला आधी माझ्या कानात घातलं. बाई गं! स्टँडावरचे सगळे हॉर्न माझ्या कवटीत वाजले. एक ड्रायव्हर दुसऱ्याला हळूच म्हणाला, ‘माल बरा हाय पण बाई लई तिखट हाय,’ तेपण ऐकू आलं. पाच मिनिटांत काढलं. मग शेजारी केळीवाली मल्लम्मा बसती, तिला तुमच्यासारखंच ऐकू येत न्हाय. तिच्या कानात घातलं. सांज झाली, दुकान आवरलं, तरी मशीन चालूच. मल्लम्मा काढून देईना. म्हणाली, ‘अक्का, आज सून मला काय काय म्हणती ते घरी जाऊन ऐकते अन् मग देते.’ ओढून घ्यावं लागलं.

तवा मशीन चांगलं हाय. ते मी ठेवून घेणार न्हाय. डबी अन् वायरीसंगट पार्सलात माघारी पाठवलंय.

आता शब्दाचं. तुमी गुरुजी, मी चौथी. पण दुकानात बसून मला एक कळतंय. गिऱ्हाईक खोकं न उघडता माल नेतं अन् दुसऱ्या दिवशी माघारी आणतं, म्हणतं, ताई, बघितलंच न्हाय म्या. तवा मी भांडते, पण घेते माघारी. न ऐकता दिलेला शब्द तसाच हाय. माघारी घेता येतोय. फकस्त ऐकलं नव्हतं हे तोंडानं सांगावं लागतंय.

अन् दिलेला शब्द दिलेला शब्द करता, तर करिश्माला कधी दिला होता? लातूरकरांच्या आधी दिला होता. तो आधी पाळा.

लोक बहिरा म्हणतील ह्याची लाज वाटती. वाटू दे. मला अडाणी म्हणतात, मरते का मी? पोरगी तीन वर्षं आजाऱ्यांचे हातपाय पुसून शिकली. ती उद्या लातूरच्या माडीवर बसून तुमची आठवण काढंल तवा ‘आजोबांनी मला विकलं’ म्हणंल. ते ऐकायला तुमाला कुठलंच मशीन लागणार न्हाय.

मला वाटलं होतं, येते अन् सगळ्यांपुढं सांगते, माझी डबी फसवी होती, मामांचा दोष न्हाय. बॅगपण भरली होती. पण मी आले तर मीच बोलेन, मला ठाऊक हाय, अन् तुमी पुन्हा मान हलवत बसाल. हे बोलणं तुमचं हाय. मी येत न्हाय.

शिवकन्या


वाशी
३ एप्रिल २०२५

चि. शिवकन्या,

पाडव्याचं सविस्तर लिहितो.

सकाळी गुढी उभारली. पाहुणे याही वेळी उशिरा आले. मशीन दोन्ही कानांत होतं आणि चालू होतं. सगळे सतरंजीवर बसले, ओटीचं सामान आलं, शरणूनं मला पुढे बसायची खूण केली. मी बसलो आणि दोन्ही मशीनं काढून समोरच्या पानसुपारीच्या तबकात ठेवली.

मुलाचे काका काहीतरी म्हणाले. मी म्हणालो, ‘हे काढलं की मला तुमचे ओठ दिसतात, शब्द येत नाही. नऊ तारखेला दुपारी मी असाच बसलो होतो. तुम्ही काय बोललात ते मला ऐकू आलेलं नाही. तरी मी व्हय म्हणालो. ती माझी चूक.’ मग मशीनं परत घातली आणि म्हणालो, ‘आता ऐकू येतं. नोकरीबद्दल काय म्हणाला होतात ते पुन्हा सांगा.’

एवढी शांतता झाली की सुपारी फोडायचा अडकित्ता बंद झाला तेही ऐकू आलं.

काका म्हणाले, ‘गुरुजी, ही काय तऱ्हा झाली? बैठकीत ठरलेलं तुम्ही साखरपुड्याला मोडता?’

‘ठरलं तुमचं. माझ्यापर्यंत पोचलंच नव्हतं.’

‘मग तुमच्या मुलानं का नाही सांगितलं? त्यांना तर ऐकू येतं.’

शरणूचा चेहरा उतरला. त्याच्यासाठी मी उत्तर दिलं, ‘तो बापापुढे बोलत नाही. ही सवय मीच लावली.’ आणि मग सरळ सांगितलं, माझी नात नोकरी करणार. लग्नाआधी आणि लग्नानंतरही. हे मान्य असेल तर ओटी भरू, नसेल तर जेवून जा.

काका म्हणाले, ‘आमच्या घराण्याचं एक नाव आहे.’

खोक्यावरच्या नावाचं तुझं वाक्य ओठांवर आलं होतं, गिळलं. त्याऐवजी मी उत्कर्षला विचारलं, ‘बाळ, तुझं काय म्हणणं?’

तो म्हणाला, ‘काका म्हणतील तसं.’ आणि मान हलवली. शिवकन्ये, अगदी माझ्यासारखी हलवली. फरक इतकाच की त्याला सगळं ऐकू येत होतं.

तेव्हा करिश्मा दारातून पुढे आली. पाहुण्यांसमोर मुलीनं बोलायचं नाही, पण त्या दिवशी आधीच इतकं मोडलं होतं. म्हणाली, ‘आजोबा, ताटं वाढू का? पाहुण्यांना उशीर होईल.’ एवढंच. पण सगळ्यांना कळलं.

ते जेवले नाहीत. गाड्या काढल्या आणि गेले. पुरणपोळ्या आम्ही दोन दिवस खात होतो.

शरणू माझ्याशी बोलत नाही. गल्लीत लोक विचारतात. जाताना एक जण म्हणाला, बहिऱ्या म्हाताऱ्यानं घरात आलेली लक्ष्मी परतवली. तेही स्पष्ट ऐकू आलं, तुझी वायर खरंच चांगली आहे. करिश्मा रात्री पायाशी येऊन बसली.

चांगलं स्थळ होतं, हे नाकारत नाही. पुन्हा असं येईल की नाही, माहीत नाही. माझ्या लाजेपोटी आधी एक चूक केली आणि ती निस्तरताना दुसरी तर केली नाही ना? तू स्पष्ट बोलतेस, म्हणून तुलाच विचारतो. मी बरोबर केलं का?

मामा


उमरगा
८ एप्रिल २०२५

मामा, शरणार्थी.

करिश्मा रविवारी दुपारच्या गाडीनं पोचली. माझ्या घरी तिला माडीवरची खोली दिलीय. एक बॅग अन् एक पिशवी घेऊन आलीय, पिशवीत पोळ्या. त्या संपल्या.

आल्या आल्या इचारलं तिला, रडलीस का गाडीत? म्हणाली, तुळजापूरपर्यंत. मग शेजारी एक बाई बसली, तिच्या लेकराला ताप होता. मग रडायला वेळ मिळाला न्हाय.

तुमी इचारलंय, बरोबर केलं का. मी काय सांगू? लातूरला गेली असती तर सुखी झाली असती का न्हाय, कुणाला ठाऊक. चांगलं स्थळ पुन्हा येईल का, मला ठाऊक न्हाय. ठाऊक नसलेलं मी आता लिहीत न्हाय. दुकानातपण आता तसंच चाललंय. लोकल माल इकायचा बंद केला न्हाय, करणारपण न्हाय, गरिबानं काय मोबाईल बंद ठेवायचा का? पण जे म्या लावून बघितलं न्हाय ते गिऱ्हाईकाला आधी सांगते, हे म्या बघितलेलं न्हाय, नेतो तर ने. निम्मे जण जातात. जाऊ देते.

शरणूला म्हणावं, तोंड लपवून बसू नको. त्याला ऐकू येत होतं, त्यानं बोलायला पाहिजे होतं. हे त्याला वाचून दाखवा. न्हायतर पत्रच त्याच्या हातात द्या.

सोमवारी सकाळी पोरगी साडेसातला उठून तयार झाली. पांढरा ड्रेस, केस घट्ट बांधलेले, हातात डबा. म्या म्हटलं, घाबरायलीस का? म्हणाली, व्हय. म्या म्हटलं, मग उद्या जा. म्हणाली, न्हाय, आजच जाते.

आठला ड्युटीवर गेली मामा. तुमच्या पत्राला माझ्याकडं एवढंच उत्तर हाय.

तुमची शिवकन्या